पंखावर पाच बोटं

खंडेनवमीला यंत्राला काम लावायचं नसतं, हे गुणाजी मेस्त्रींना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वडील गिरणीत होते. नवमीला सगळे माग धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभे असायचे आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत धाग्याला कुणी बोट लावायचं नाही. गिरण्या गेल्या, वडील गेले, कुटुंब परळहून घाटकोपरला पंतनगरात आलं, पण नवमी काही सुटली नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या या गाळ्यात गुणाजी ती अकरा वर्षं पाळत आले होते.

यंदा मात्र गाळ्याचे मालक चंद्रप्रकाश सर आदल्या संध्याकाळीच सांगून गेले की उद्या बोगदा चालवायचाय, पूजा काय ती आठच्या आत उरका. गुणाजींनी मान डोलावली. मनातून मात्र त्यांना ते लागलं.

बोगदा म्हणजे वाऱ्याचा बोगदा. गुणाजींनी स्वतःच्या हातांनी प्लायवुडचा बांधलेला, तोंडाला रुंद आणि गळ्याशी निमुळता. शेपटाला माणसाच्या उंचीचा फॅन. तो सुरू केला की गळ्यातून ताशी शंभर किलोमीटरचा वारा धावे, आणि त्या वाऱ्यात विमानाचा पंख धरून ठेवला की विमान हवेत असताना त्याच्यावर काय गुजरेल ते इथं जमिनीवर कळे. विमान तसं लहान, बिनमाणसाचं, पंख मीटरभराचे. पण त्याच्या पोटात रक्ताच्या चार पिशव्या जायच्या होत्या. दसऱ्याला संध्याकाळी पाचला मुलुंडच्या मिठागराकडून उडायचं, खाडीच्या पाण्यावरून सतरा किलोमीटर जाऊन पलीकडच्या एका प्रसूतिगृहाच्या अंगणात पिशव्या सोडायच्या, आणि जमिनीला न टेकता तसंच परत यायचं. जाऊन-येऊन चौतीस. एका दमात अडतीस होतील असं श्रुतिकाचं गणित सांगत होतं. मध्ये उतरायला जागा नव्हती. खाली सगळं पाणी, आणि पाण्यावर कोळ्यांच्या होड्या.

श्रुतिका बोरिवलीची, गाळ्यातली मुख्य इंजिनिअर. अडतीसचा आकडा सगळा एका गोष्टीवर उभा होता, आणि ती गोष्ट तिनं गुणाजींना कधीतरी डब्याच्या वेळी समजावली होती. पंखाला चिकटून वारा वाहतो तो आधी थरावर थर ठेवल्यासारखा शांत वाहतो. मग कुठंतरी त्याचा तोल जातो आणि तो खवळतो. शांत वारा पंखाला कमी ओढतो, खवळलेला जास्त. तोल नेमका कुठं जाईल हे आधी सांगता आलं, तरच बॅटरी किती लागेल ते सांगता येतं. तिचं गणित म्हणत होतं, या पंखावर वारा शंभरातली साठ वाटचाल शांतपणे करील.

गुणाजींना हे लगेच उमगलं होतं. नवरात्रभर ते पंतनगरच्या देवळात कीर्तनाला बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे असत. पुढच्या रांगेतला एक जरी टाळ घसरला, तरी त्याच्या मागचे दोन घसरतात, त्यांच्या मागचे चार, आणि बुवांनी मागे वळून बघेपर्यंत मांडवाची ती सगळी बाजू फिसकटलेली असते. तसंच ना, त्यांनी विचारलं होतं. श्रुतिका म्हणाली होती, काका, मी हे कॉलेजात चार तास शिकले.

तर नवमीला गुणाजी सातलाच गाळ्यात आले. फॅनला माळ घातली. रंधा, करवत, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. विमानाचा काळा डावा पंख चाचणीसाठी सोडवून कापसाच्या गादीवर ठेवलेला होता. त्याच्यासमोर ते जरा थांबले. उद्या हा पाण्यावरून जाणार, त्याला कसं वगळायचं? हळदीकुंकवात पाण्याचा थेंब टाकून त्यांनी पाच बोटं बुडवली आणि पंखाच्या पुढच्या कडेवर एका ओळीत टेकवली. हात जोडले. मग आठ वाजायला आले तशी ती पुसायला कापड घेतलं.

पुसायला हवीत हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या कडेवर नखाला जाणवेल इतकंही काही नको, हा श्रुतिकाचा नियम. पण पूजा उतरायच्या आत देवीचं कुंकू पुसायचं म्हणजे हात जड झाला. त्यांनी कापड वरवर फिरवलं. भुकटी गेली, वाळून घट्ट झालेले मसुरीच्या डाळीएवढे पाच ठिपके राहिले. देवीचं कुंकू कुणाला आडवं येत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि डांबरगोळ्या विरघळवलेलं द्रावण फवारून सगळा पंख पांढरा करून टाकला.

हे पांढरं फवारणं हाच चाचणीचा गाभा. कपाटात कपड्यांत ठेवतात त्याच त्या डांबरगोळ्या. पंखावर त्यांचा पातळ थर द्यायचा आणि वारा सोडायचा. वारा खवळलेला असतो तिथून थर भराभर उडून जातो, शांत असतो तिथं राहतो. अर्ध्या तासानं पंख बाहेर काढला की कुठपर्यंत शांत होता ते डोळ्यांनी दिसतं.

साडेनऊला फॅन सुरू झाला. नवमीचा तो आवाज गुणाजींच्या छातीत बसत गेला.

दहा वाजता प्रज्योतनं दार उघडून पंख बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. प्रज्योत माहुलच्या कोळीवाड्यातला, विमान उडवणारा तोच. चंद्रप्रकाश सर पुढं वाकले. साठपर्यंत अखंड पांढरं दिसायला हवं होतं. त्याऐवजी अगदी पुढच्या कडेपासून पाच काळे त्रिकोण निघाले होते, मागे मागे रुंदावत, एकमेकांत मिसळत. पंखाचा मधला सगळा भाग उघडा पडला होता.

गुणाजींनी ते पाच त्रिकोण मोजले. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती.

श्रुतिका शांतपणे म्हणाली की असे त्रिकोण गणित चुकल्यानं येत नाहीत, कडेवर काहीतरी चिकटलं असलं की येतात. पंखाला कुणाचा हात लागला होता?

पंख बोगद्यात बसवला होता प्रज्योतनं. चंद्रप्रकाश सर त्याच्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. पण दोन वाजेपर्यंत सहीचा कागद गेला नाही तर उद्याची परवानगी रद्द होणार होती, आणि ती परवानगी मिळवायला त्यांचे आठ महिने गेले होते.

"काय रे, मासळीचे हात घेऊनच आलास का घरून? खवलं चिकटलंय बघ पंखाला."

"हातमोजे होते, सर," प्रज्योत म्हणाला. "आणि आज नवमी आहे. आज आमच्या घरात मासळी येत नाही."

सर म्हणाले, ते मला सांगू नकोस. पुढं बोलता बोलता असंही म्हणाले की निष्काळजी हातात उद्या विमान द्यायचं की नाही याचा विचार करावा लागेल, बंगळूरहून एक पोरगा येऊ शकतो. प्रज्योतनं मान खाली घातली. दीड वर्ष तो या एका उड्डाणासाठी सराव करत होता. त्याचा बाप महादू त्याच पाण्यात जाळं टाकायचा, आणि उद्या पोराचं विमान डोक्यावरून जाणार म्हणून त्यानं अख्ख्या वाड्याला सांगून ठेवलं होतं.

गुणाजी कपाटाशी उभे होते. बोटांच्या टोकांना अजून लाल होतं. त्यांनी हात मागे घेतले. एक मन म्हणालं, श्रुतिका आता पुसेल, पुन्हा चाचणी घेईल, सगळं निस्तरेल, कुणाला कळायचं कारण नाही. दुसरं मन काहीच बोललं नाही, पण पाय कपाटापासून सुटले.

"त्याका बोलू नकात," ते म्हणाले. घाबरले की त्यांच्या तोंडून मालवणीच येई. "ता मिया लावलंय. पूजेचा कुंकू आसा."

श्रुतिकानं नखानं पांढरा थर खरवडला. खाली लाल निघालं. गुणाजींनी मग सगळं सांगितलं, पाच बोटं कशी लावली, पुसताना हात कसा अडला, आणि आपल्याला नियम ठाऊक होता हेही. ते बोलत असताना प्रज्योत त्यांच्याकडे बघत होता, आणि तेच त्यांना सगळ्यांत जड गेलं.

रागाऐवजी चंद्रप्रकाश सरांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणजे पंख बरोबर, गणित बरोबर, चूक फक्त कुंकवाची. ते हसले. म्हणाले, मेस्त्री, पुढच्या वर्षी पूजा फॅनपर्यंतच ठेवा, आणि आता पुसा ते, लख्ख.

गुणाजींनी पुसलं. स्पिरिट लावून, मऊ कापडानं, घरच्या ताम्हनाला लावतात तसा जीव लावून. पुन्हा फवारलं, पुन्हा फॅन सुरू झाला. साडेअकराला पंख बाहेर आला तेव्हा पांढरा थर पुढच्या कडेपासून साठपर्यंत अखंड होता आणि तिथं रेघ मारल्यासारखा सरळ संपत होता. श्रुतिकानं पट्टी लावली. साठला एक कमी. ती खुर्चीत बसली आणि ओढणीनं डोळे टिपले. दोन वर्षं तिनं ही रेघ फक्त स्क्रीनवर पाहिली होती.

कागद टेबलावर आला. अडतीस किलोमीटर. सही करायची तेवढी बाकी होती. सर म्हणाले, आधी चहा मागवू.

कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा जरा थांबतात. त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि नवखे लोक संपलं समजून चपला शोधायला उठतात. खरी कथा अजून लागलेलीच नसते. गाळ्यात चहा आला तेव्हा गुणाजींनाही वाटलं होतं की संपलं. बोलायचं होतं ते बोलून झालं, लाज वाटायची ती वाटून झाली. लाल डागांचं कापड धुवायला ते मोरीवर गेले, तर मागून प्रज्योत आला.

तो आभार मानायला आला होता, पण तसं सरळ बोलणं त्याला जमेना. तो नळ सोडत म्हणाला, काका, तुमचं कापड निदान लाल होतं. माझं बघा कधी, उड्डाणानंतर काळंहिरवं होतं.

गुणाजींनी विचारलं, कशानं?

चिलटांनी, तो म्हणाला. संध्याकाळी खाडीवर चिलटांचे ढग असतात, तिवरांवरून उठतात. पंखाच्या पुढच्या कडेवर आपटून तिथंच चिकटतात.

गुणाजींचा हात नळाखाली तसाच राहिला. "केवढी रे? माझ्या बोटाच्या ठिपक्याएवढी?"

"छे, त्याहून बारीक. पण पाच नाही हो काका. पाचशे म्हणा."

"मग मला कधी दिसलं नाही ते? पंख माझ्याकडेच येतो ना दर वेळी."

"पुसून देतो ना मी," प्रज्योत म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. देवाच्या ताम्हनासारखा आणायचा पंख, घाण आणायचा नाही."

पाणी वाहत राहिलं. गुणाजींना आठवलं, खरंच शिकवलं होतं, ओरडून शिकवलं होतं. प्रज्योत पुसून आणायचा, त्यावर ते स्वतः पुन्हा पुसायचे, आणि तसा दोनदा धुतलेला पंख श्रुतिकाच्या पुढ्यात जायचा. तिनं या गाळ्यात चिलट बघितलंच नव्हतं. सरावाची उड्डाणं सहा-सहा किलोमीटरची, त्यात बॅटरी थोडी जास्त जायची आणि वहीत लिहिलं जायचं: वारा होता.

बाहेर सर श्रुतिकाला पेन देत होते.

आता बोलणं सकाळपेक्षा अवघड होतं. सकाळी आपली चूक सांगायची होती, चूक सांगितली की माणूस मोकळा होतो. आता दुसऱ्याचं बरोबर आलेलं गणित अडवायचं होतं, तेही ज्याच्या कुंकवानं अर्धा दिवस खाल्ला त्यानं. आपलं कोण ऐकणार, असंही वाटलं. पण डोळ्यांपुढं खाडी आली, आणि खाडीच्या पाण्यावर महादूची होडी.

"श्रुतिका बाय, सही करू नको," ते म्हणाले.

सरांनी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा. आता काय, असं त्यांनी फक्त भुवयांनी विचारलं. गुणाजी सांगायला लागले तसे सर मधेच म्हणाले की मेस्त्री, तुम्ही सकाळी पुरेसं सांगितलंत. श्रुतिका मात्र पेन हातात धरून ऐकत राहिली. चिलटांचं ऐकल्यावर तिनं प्रज्योतकडे बघितलं. त्यानं मान हलवली. ती कोरडेपणानं म्हणाली, गणित चुकलेलं नाही, काका. आत्ता बघितलंत तुम्ही.

"नाही चुकलं. पण तू धुतलेल्या पंखाचं केलंस. आम्ही तुला धुतलेलाच दिला."

तिनं पेन खाली ठेवलं. सर मधे पडले. म्हणाले, अंदाजानं काही थांबणार नाही, पुन्हा फवारणी करून बघायला तासभर जाईल, तोवर एक वाजून जाईल, मग कागद कधी भरायचा.

फवारायला नको, गुणाजी म्हणाले. नळी आहे.

नळी म्हणजे श्रुतिकानंच कधीकाळी केलेला जुगाड होता. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, छातीला लावायची चकती काढून तिथं सुईसारखी बारीक धातूची नळी बसवलेली. वारा चालू असताना ती पंखावर टेकवायची आणि कानाला लावायची. शांत वारा तंबोऱ्यासारखा एकसुरी ऐकू येतो, खवळलेला वाळू पत्र्यावर ओतावी तसा. गाळ्यात गुणाजींचा कान सगळ्यांत तयार, म्हणून ते काम त्यांचंच.

मग गुणाजींनी देव्हाऱ्यातली कुंकवाची वाटी उचलली. उदबत्तीची विझलेली काडी घेतली. सकाळी ज्या हातानं पूजा केली त्याच हातानं आता त्या कुंकवाची चिलटं करायची होती. त्यांनी डोळे मिटून देवीला जे सांगायचं ते सांगितलं, आणि काडीच्या टोकानं पंखाच्या कडेवर ठिपके द्यायला सुरुवात केली. बारीक, मोहरीहून बारीक. प्रज्योत शेजारी उभा राहून सांगत होता, अजून दाट, काका. इथं मध्ये जास्त असतात. वर कमी, खाली अजून. साठ-सत्तर ठिपके झाल्यावर तो म्हणाला, बस, असाच येतो.

"असाच?" श्रुतिकानं विचारलं.

"याहून वाईट येतो," तो म्हणाला.

ड्रायरनं ठिपके सुकवले. फॅन सुरू झाला. गुणाजींनी बोगद्याच्या भोकातून नळी आत सारली आणि पंखावर चाळीसच्या खुणेशी टेकवली. आत्ताच्या चाचणीत तिथं पांढरा थर अखंड राहिला होता. त्यांना खरं तर तंबोरा ऐकू यायला हवा होता. आपलंच चुकलं असं निघावं, सगळ्यांनी हसावं, पोरीनं सही करावी, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

वाळू पत्र्यावर पडत होती.

त्यांनी नळी पुढं सरकवली. तीसवर वाळू. वीसवर वाळू. पंधराशी कुठं जरासा सूर लागला आणि लगेच फुटला. त्यांनी कानातून नळ्या काढल्या आणि चंद्रप्रकाश सरांच्या पुढं धरल्या.

सरांनी ऐकलं. त्यांना या आवाजातलं फारसं कळत नव्हतं, पण दोन वर्षांत एकदोनदा त्यांनी शांत वाऱ्याचा सूर ऐकला होता. हा तो नव्हता. मग म्हणाले, काटा काय दाखवतोय?

पंख वाऱ्यात किती जोरानं मागे ओढला जातो ते दाखवणारा काटा होता. सकाळच्या स्वच्छ पंखावर तो नव्वद ग्रॅम दाखवत होता. आता एकशे चाळीसवर थरथरत होता. श्रुतिकानं तो आकडा घेतला आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. ती मांडत असताना फॅन बंद झाला, आणि तिच्या पेनाचा आवाज ऐकू यायला लागला. एकदा तिनं खोडलं. पुन्हा मांडलं. तोच आकडा आला.

"तीस," ती म्हणाली.

जायचं-यायचं चौतीस. कुणी काही न विचारताच सगळ्यांच्या डोक्यात उरलेले चार किलोमीटर आले, आणि ते सगळे पाण्यावर होते. प्रज्योत हळूच म्हणाला, बाबा परतीला त्याच टप्प्यात असतात. सव्वापाचला.

चंद्रप्रकाश सर खिडकीशी गेले. न टेकता परत येतं, याच बोलीवर त्यांनी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांना शब्द दिला होता, याच बोलीवर पुढची गावं मिळायची होती. सव्वा वाजला होता. ते वळले तेव्हा आवाज चढलेला होता: सरावात का नाही कळलं हे? कुणी बघत नव्हतं का बॅटरीकडे?

"मी बघत होते," श्रुतिका म्हणाली. "वारा होता असं मीच लिहिलं. तीनदा."

गुणाजींना वाटलं, आपण सकाळी बोललो नसतो तर ही आत्ता हे बोलली असती का? मग वाटलं, बोलली असती. पोर तशीच आहे.

दीड वाजता सरांनी डॉक्टरांना फोन लावला. हळू आवाजात, पण काही न लपवता सांगितलं की विमान येईल, रक्त पोचेल, पण ते तुमच्याच अंगणात उतरेल, परत उडणार नाही. आमचा माणूस तिथं असेल. पलीकडून काय आलं ते कुणाला ऐकू आलं नाही. सर दोनदा "हो" म्हणाले, एकदा "कळतंय मला" म्हणाले आणि फोन ठेवला. श्रुतिकानं कागद सरळ केला, अडतीसवर काट मारली, तीस लिहिलं, एका बाजूचं उड्डाण असं लिहिलं आणि सही केली. दोनला पाच मिनिटं कमी असताना कागद गेला.

दसऱ्याला दुपारी प्रज्योत विमान उतरवून घ्यायला बापाच्या होडीनं पलीकडे गेला, आणि मिठागराच्या बांधावर विमान सोडायला उरले हे तिघं. उडवायचं काम श्रुतिकानं केलं. विमानात रस्ता आधीच भरलेला होता, विमानाला फक्त हातातून सोडायचं होतं. गुणाजींच्या खिशात आपट्याची पानं होती, ती द्यायचं कुणाला सुचत नव्हतं. पाच वाजता विमान हातातून सुटलं, बांधावरून वर चढलं आणि तिवरांच्या वरच्या तपकिरी धुरकट ढगात शिरलं. तो ढग धुराचा नव्हता. गुणाजींना आता ते कळत होतं.

दहा मिनिटं लागायची होती. सातव्या मिनिटाला लॅपटॉपच्या पडद्यावरून विमानाची खूण गेली. श्रुतिका म्हणाली की तिथं सिग्नल जातोच, पण तिनं ते दोनदा म्हटलं. आठवं मिनिट गेलं. नववं गेलं. चंद्रप्रकाश सर बांधावर येरझाऱ्या घालत होते आणि गुणाजी ओठातल्या ओठात नाम घेत होते, ताल न चुकता. अकराव्या मिनिटाला फोन वाजला. श्रुतिकानं तो स्पीकरवर टाकला.

प्रज्योत धापा टाकत होता. उतरलं, म्हणाला. पिशव्या चारही गार आहेत, सिस्टर घेऊन आतसुद्धा गेल्या.

"बॅटरी?" श्रुतिकानं विचारलं.

"त्रेचाळीस टक्के उरली."

म्हणजे जायला सत्तावन्न लागले होते. परत यायलाही तेवढेच लागले असते. हे गणित करायला कुणाला कागद लागला नाही. चंद्रप्रकाश सर बांधावर खाली बसले, पँटला चिखल लागला त्याची शुद्ध त्यांना नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी फोनकडे तोंड करून विचारलं, तुझे बाबा कुठंयत रे आत्ता?

"इथंच आहेत, सर. होडी लावतायत."

"त्यांना सांग," सर म्हणाले, आणि काय सांगायचं ते त्यांना सापडेना. मग म्हणाले, "दसऱ्याच्या शुभेच्छा सांग." गुणाजींनी खिशातून पानं काढली आणि पहिलं पान त्यांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पंख होडीतून आणि मग टेम्पोतून वर्तमानपत्रात गुंडाळून मरोळला आला. गुणाजींनी टेबलावर गादी मांडली, स्पिरिटची बाटली आणि मऊ कापड शेजारी ठेवलं, आणि कागद उलगडला. पुढच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिलटं होती. पंखांसकट, पायांसकट, काळीहिरवी, दाट. प्रज्योतनं या वेळी हात लावला नव्हता.

गुणाजींचा हात सवयीनं कापडाकडे गेला होता. त्यांनी ते कापड घडी करून कपाटात ठेवलं, हात धुतले, आणि श्रुतिकाला हाक मारली. येताना भिंग घेऊन ये म्हणाले, मोजायला बसू.